बोल्ट रायफल : झीज व दुरुस्ती

बोल्ट रायफल : झीज व दुरुस्ती. ज्या रायफलीत काडतूस नळीत सारणे, नळीचे मागील तोंड घट्ट बंद करणे आणि गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर काढणे ही तिन्ही कामे बोल्ट या दंडगोलाकार पोलादी भागाची मूठ हाताने फिरवून व पुढेमागे सरकवून केली जातात, तिला बोल्ट रायफल म्हणतात. भारतात या प्रकाराची सर्वांत परिचित रायफल म्हणजे ली-एन्फील्ड जातीची .३०३ रायफल होय. ही रायफल लष्करातून गेली, तरी पोलीस, गृहरक्षक दल व राष्ट्रीय छात्रसेना यांच्याकडे ती पुढे अनेक दशके राहिली. त्यामुळे नव्या रायफलीच्या निर्मितीपेक्षा जुन्या रायफलीची झीज ओळखणे, तिची दुरुस्ती करणे व दुरुस्तीपलीकडे गेलेली रायफल वापरातून काढणे, हेच येथे अधिक महत्त्वाचे ठरले. प्रस्तुत नोंदीत या रायफलीच्या बोल्टसंबंधीच्या भागांची झीज, तपासणी व दुरुस्ती यांची तत्त्वे दिली असून वऱ्हाडातील हवापाणी व परिस्थिती यांच्या अनुषंगाने त्यांचा विचार केला आहे. [⟶ बंदूक, रायफल].

ऐतिहासिक आढावा : प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्राइझची सुई-बंदूक ही सैन्यात प्रत्यक्ष वापरात आलेली पहिली महत्त्वाची बोल्ट बंदूक होय. त्यानंतर जर्मनीत माउझर बंधूंनी ही रचना पूर्णत्वास नेली. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीचा बोल्ट व काडतूस-पेटी यांची रचना जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाची होती. धूरविरहित कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्ड पद्धतीच्या उथळ खोबणी लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एन्फील्ड पद्धतीच्या खोल खोबणी स्वीकारण्यात आल्या आणि रायफलीस ली-एन्फील्ड हे नाव मिळाले. तिचा आखूड नमुना विसाव्या शतकाच्या आरंभी व त्याची ‘मार्क ३’ ही सुधारित आवृत्ती १९०७ मध्ये प्रचारात आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘क्रमांक ४’ हा नमुना वापरला. भारतात मात्र प्रामुख्याने ‘क्रमांक १, मार्क ३’ हाच नमुना चालू राहिला.

बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ही रायफल तयार होऊ लागली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर त्याच कारखान्यात अधिक बळकट पोलाद वापरून ७.६२ मिमी. काडतुसाची ‘२अ’ व ‘२अ१’ ही रूपे काढण्यात आली. पाश्चात्त्य जगात बोल्ट रायफल सैन्यातून हद्दपार होत असताना भारतात तिची नवी आवृत्ती निघाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. सैन्यात स्वयंभरण रायफली आल्यावर .३०३ रायफली क्रमाक्रमाने पोलीस दलांकडे व सहायक दलांकडे आल्या. महाराष्ट्रातील शिपायांच्या कित्येक पिढ्यांनी कवायत व नेमबाजी या रायफलीवरच शिकून घेतली.

रचना व कार्य : रायफलीच्या नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्यासाठी कोठी असते. नळी ज्या पोलादी चौकटीत आट्यांनी घट्ट बसविलेली असते, त्या चौकटीत बोल्ट सरकतो. बोल्ट पुढे नेऊन मूठ खाली वळविली की, त्याच्या डाव्या अंगाचा आखूड खुंट चौकटीतील खाचेत शिरतो व उजव्या अंगाचा लांब कणा चौकटीच्या खांद्याला टेकतो. ली पद्धतीत हे दोन्ही आधार बोल्टच्या मागील भागात असतात. माउझर पद्धतीत ते बोल्टच्या पुढील टोकाशी, कोठीच्या लगत असतात. मागील आधारांमुळे ली-एन्फील्डचा बोल्ट आखूड अंतरात व झपाट्याने चालविता येतो. परंतु स्फोटाचा धक्का बोल्टच्या बऱ्याच लांबीतून जाऊन मग आधारांवर येत असल्याने बोल्ट व चौकट यांत थोडा लवचीकपणा राहतो. झिजेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बोल्टच्या पुढील टोकास आट्यांनी बसविलेला स्वतंत्र तुकडा म्हणजे बोल्ट-शीर्ष होय. काडतुसाचा तळ याच शीर्षावर टेकतो. शीर्षात एक्स्ट्रॅक्टर हा आकडा असून तो काडतुसाच्या कडेत अडकतो व बोल्ट मागे येताना पुंगळी ओढून काढतो. बोल्टच्या पोकळीत फायरिंग पिन व तिच्याभोवती मुख्य कमान असते. पिनेच्या मागील टोकास कॉकिंग पीस बसविलेला असतो. बोल्ट पुढे ढकलताना कॉकिंग पीस सिअर या दातावर अडकून राहतो व कमान दाबली जाते. चाप ओढल्यावर सिअर खाली सरकतो, कॉकिंग पीस सुटतो आणि पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते.

‘मार्क ७’ या .३०३ काडतुसातील गोळीचे वजन सु. ११.३ ग्रॅ. असून ती दर सेकंदास सु. ७४४ मी. वेगाने बाहेर पडते. त्यासाठी कोठीत क्षणभर निर्माण होणारा दाब दर चौ. सेंमी.स सु. ३,००० किग्रॅ.च्या आसपास असतो. पितळी पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीस चिकटते, म्हणून वायू मागे येत नाही. मात्र पुंगळीचा तळ बोल्टवर टनावारी भाराने रेटला जातो. नेमबाजाचा डोळा या बोल्टमागे काही सेंटीमीटरांवरच असतो. यावरून बोल्टच्या दुरुस्तीतील हयगयीचे मोल काय पडू शकते, याची कल्पना येईल.

झिजेची कारणे : झिजेचे तीन प्रकार मानता येतात. पहिला घर्षणाचा, सिअर, कॉकिंग पीस, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा व बोल्टच्या तिरप्या पृष्ठांच्या कडा यांवर तो दिसतो. दुसरा आघाताचा, प्रत्येक गोळीगणिक आधारपृष्ठे किंचित ठोकली जातात. तिसरा गंजाचा. दीर्घकाळ कोठारात पडून राहिलेल्या रायफलीचे सर्वाधिक नुकसान गंजाने होते.

जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनानंतर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत व बोल्ट-शीर्षावर साचतो. तो मिठाप्रमाणे हवेतील ओलावा शोषून घेतो व पोलाद गंजवितो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर नळी प्रथम उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावण्याची लष्करी रीत पडली. नुसते तेल लावल्यास क्षार तेलाखाली झाकला जातो व गंज चालूच राहतो.

अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या बाबतीत या साध्या नियमाला एक पुस्ती जोडावी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मोठा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्याने नळी धुतल्यास एक क्षार काढून दुसरा ठेवल्यासारखे होते. त्यासाठी गोडे पाणी किंवा साठविलेले पावसाचे पाणी वापरणे श्रेयस्कर होय. अकोल्याचा उन्हाळा ४५° से.पलीकडे जातो, या उष्णतेत पातळ तेल ओघळून जाते आणि काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळून कुरुंदासारखे काम करते. म्हणून उन्हाळ्यात तेलाचा हात अगदी हलका असावा. याउलट मेळघाटात, विशेषतः सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्याच्या परिसरात, पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते, लाकडी दस्ता फुगतो व उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. तेथे तेलाचा थर जाड ठेवणेच इष्ट असते. मात्र गोळीबारापूर्वी कोठी व बोल्ट-शीर्ष पूर्णपणे पुसून कोरडे केले पाहिजे. कोठी तेलकट किंवा ओली असल्यास पुंगळी भिंतीस धरून राहत नाही, सगळा रेटा बोल्टवर येतो व आधारपृष्ठे झपाट्याने ठोकली जातात. जपणूक म्हणून लावलेले तेलच अशा वेळी झिजेला कारण होते.

तपासणी : तपासणीचे पहिले पाऊल म्हणजे रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे. त्यानंतर बोल्टवरील व चौकटीवरील क्रमांक जुळतो की नाही ते पाहतात. प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीशी कारखान्यात जुळविलेला असून त्याच्या मुठीवर तोच क्रमांक ठोकलेला असतो. अनेक रायफलींची सफाई एकाच वेळी होत असता बोल्टांची अदलाबदल सहज होते. परका बोल्ट बहुधा सुरळीत बसतो व फिरतोही. म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. त्याचे दोन्ही आधार सारखे टेकतीलच, असा भरवसा मात्र नसतो.

बोल्ट बंद असताना बोल्ट-शीर्षाचे तोंड आणि काडतुसाची कडा जेथे टेकते ते नळीचे मागील तोंड यांमधील अंतरास हेडस्पेस म्हणतात. सर्व तपासणीत हे मोजमाप निर्णायक होय. .३०३ रायफलीसाठी लष्करी मर्यादा ०.०६४ इंच (सु. १.६३ मिमी.) ते ०.०७४ इंच (सु. १.८८ मिमी.) अशी होती. दोन्ही मर्यादांत फरक सु. पाव मिमी.चा, म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा आहे. मोजणीसाठी या दोन मापांची कठीण पोलादी गेजे वापरतात. फायरिंग पिन व एक्स्ट्रॅक्टर काढून, सर्व भाग पुसून, मूठ केवळ बोटाच्या हलक्या दाबाने वळवावयाची असते. लहान गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे. मोठ्या गेजवर तो पूर्ण बंद होता कामा नये. जोर केल्यास चौकटीच्या लवचीकपणामुळे सदोष रायफलही निर्दोष किंवा निर्दोष रायफलही सदोष भासते.

अंतर मर्यादेपेक्षा वाढल्यास काडतुसाचा तळ मागे सरकण्यास वाव मिळतो. पुंगळीचा पुढील भाग भिंतीस चिकटलेला व तळ मागे ओढला जाणारा, अशा ओढाताणीत तळाच्या किंचित पुढे पितळ ताणले जाते. वापरलेल्या पुंगळीवर त्या ठिकाणी उमटलेले चकचकीत वलय ही धोक्याची पूर्वसूचना होय. पुढील पायरी म्हणजे पुंगळी आडवी तुटणे. यात तळाचा तुकडा बाहेर येतो, उरलेली नळकांडी कोठीतच अडकते आणि नेमबाजाच्या हाती ऐन वेळी निरुपयोगी रायफल राहते; तप्त वायू मागे फुटल्यास चेहऱ्यास व डोळ्यास इजा होऊ शकते.

दुरुस्ती : ली यांच्या रचनेचा खरा गुण दुरुस्तीच्या वेळी प्रत्ययास येतो. माउझर पद्धतीत बोल्टचे तोंड व बोल्ट अखंड असल्याने हेडस्पेस वाढल्यास बोल्ट बदलावा लागतो किंवा नळी काढून पुन्हा बसवावी लागते. ली पद्धतीत बोल्ट-शीर्ष सुटे असल्याने किंचित लांब शीर्ष बसविले की वाढलेले अंतर भरून निघते. ‘क्रमांक ४’च्या शीर्षांवर ०, १, २, ३ असे चढत्या लांबीचे आकडे असतात. ‘क्रमांक १’मध्ये असे आकडे नसतात, तेथे उपलब्ध शीर्षे मोजून त्यांतून योग्य ते निवडावे लागते. नवे शीर्ष आट्यांवर घट्ट बसल्यानंतर बोल्टच्या कण्याच्या रेषेपलीकडे फार फिरता कामा नये. तसे होत असल्यास आटे किंवा टेकण्याची पृष्ठे झिजली आहेत असे समजावे. शीर्ष बदलल्यावर दोन्ही गेजांनी पुन्हा तपासणी करणे अनिवार्य होय.

आधारपृष्ठांची तपासणी पातळ रंग लावून करतात. बोल्ट बंद करून उघडला असता रंगाचा ठसा डावा खुंट व उजवा कणा या दोहोंवर उमटला पाहिजे. एकाच बाजूस ठसा येत असल्यास भार एकाच आधारावर पडतो; नेम ढळतो व तो आधार लवकर ठोकला जातो. हे भाग पृष्ठकठिण केलेले असतात. म्हणजे वरचा पातळ थर कठीण व आतील पोलाद चिवट ठेवलेले असते. घासकाम करताना हा थर निघून गेल्यास खालचे मऊ पोलाद काही गोळ्यांतच दबते. म्हणून ठसा जुळविण्यासाठी कानस चालविणे सर्वथा वर्ज्य होय. वितळजोडाने खुंटावर धातू चढविणे त्याहून घातक; त्या उष्णतेने पोलादाचे उष्णता-संस्करणच बिघडते व खुंट ठिसूळ किंवा मऊ होतो. खुंट झिजलेला बोल्ट दुरुस्त करावयाचा नसतो, तो बदलावयाचा असतो.

एक्स्ट्रॅक्टरचा आकडा बोथट झाल्यास किंवा त्याची पट्टी-कमान शिथिल झाल्यास पुंगळी कोठीत राहते. दोन्ही भाग स्वस्त व सहज बदलता येण्याजोगे आहेत. ते बदलूनही दोष राहिल्यास कोठीत गंजाचे खड्डे पडले आहेत काय, हे पाहावे. फायरिंग पिनेचे टोक अर्धगोल व गुळगुळीत असावे आणि पूर्ण सुटलेल्या अवस्थेत ते शीर्षाबाहेर सु. १ मिमी. वा किंचित अधिक यावे. ते कमी आल्यास टोपी पेटत नाही. जास्त आल्यास किंवा टोक खरबरीत असल्यास टोपी छेदली जाऊन वायू बोल्टमध्ये शिरतो. मुख्य कमान दीर्घकाळ दाबलेली राहिल्याने आखूड होते. ती ताणून लांब करणे ही दुरुस्ती नव्हे. ती काही दिवसांतच पूर्ववत होते.

कॉकिंग पीस व सिअर यांच्या स्पर्शकडा झिजल्यास चापाचा ताण कमी होतो. ली-एन्फील्डचा चाप दोन टप्प्यांचा असून पहिल्यास सु. ३ ते ४ पौंड व दुसऱ्यास ५ ते ६ पौंड ताण लागावा, असा दंडक होता. ‘चाप हलका झाला’ म्हणून पुष्कळदा शिपाई खूश होतो. वस्तुतः ती तक्रार नोंदविण्याची वेळ असते. अशी रायफल बोल्ट जोराने बंद करताना किंवा दस्ता जमिनीवर आपटल्यानेही सुटू शकते. सेफ्टी कॅचची तपासणी याच वेळी करावी.

७.६२ मिमी.च्या ‘२अ१’ रायफलीस वरील तत्त्वे लागू आहेत; मापे मात्र लागू नाहीत. तिच्या काडतुसास बाहेर आलेली कडा नसल्याने हेडस्पेस काडतुसाच्या खांद्यापासून मोजतात व गेजे वेगळी लागतात. दोन्ही रायफली दिसावयास सारख्या असल्याने त्यांचे बोल्ट, शीर्षे व काडतुसे पूर्णतः अलग ठेवणे अगत्याचे असते.

दुरुस्तीच्या मर्यादा : नवा बोल्ट व सर्वांत लांब शीर्ष घालूनही हेडस्पेस मर्यादेत न आल्यास झीज चौकटीच्या आधारांत आहे, असा निष्कर्ष निघतो. चौकटीत तडा, ठोकलेला खांदा किंवा खोल गंज आढळल्यास ती रायफल बाद ठरते. बाद रायफलींपैकी काही केवळ कवायतीसाठी ठेवतात. त्यांच्या कोठीस आरपार छिद्र पाडून व फायरिंग पिनेचे टोक नाहीसे करून त्यांवर ‘डी. पी.’ असा ठसा मारतात. कवायतीच्या मैदानावर छात्रसैनिकांच्या खांद्यावर दिसतात त्या पुष्कळशा याच जातीच्या. त्यांचा एखादा सुटा भागदेखील चालू रायफलीत घालू नये. कारण ती का बाद झाली, हे त्या भागावर लिहिलेले नसते.

कायदेशीर बाजू : शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदुकीची विक्री व निर्मिती यांप्रमाणेच धंदा म्हणून केलेली दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही, तपशील शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहेत. .३०३ हे सरकारी दलांचे काडतूस असल्याने नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी ली-एन्फील्डच्याच बोल्टवर आधारलेली .३१५ बोअरची रायफल तयार केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकार बंद झाली व अशा रायफली बहुधा स्वसंरक्षणापुरत्या घरोघरी उरल्या. निवडणुकांच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची प्रथा आहे. अशा वेळी, विशेषतः पावसाळ्यात, शस्त्र जमा करण्यापूर्वी तेल लावणे व परत मिळाल्यावर प्रथम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तकाकडून तपासून घेणे हितावह होय.

सद्यःस्थिती : २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर बंदोबस्तावरील शिपायांपाशी .३०३ रायफली व लाठ्या होत्या. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांच्या आधुनिकीकरणास वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीस समारंभपूर्वक निरोप दिला. वऱ्हाडात अमरावती येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्र. ९ आणि अकोला येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. अशा संस्थांत व जिल्हा मुख्यालयांत शस्त्रांची देखभाल आर्मोरर पाहतो. त्याचे काम नवी शस्त्रे आल्याने संपत नाही. मोजमाप, नोंद व सुट्या भागांची शिस्त ही स्वयंचलित रायफलीसही तितकीच लागते.

जुन्या बोल्ट रायफलीची दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग घासून चालता करणे नव्हे. गमावलेले अंतर मोजून परत मिळविणे होय. ते मिळत नसेल, तर रायफल चालत असूनही तिला बाद म्हणण्याचे धैर्य दुरुस्त करणाऱ्याच्या अंगी असले पाहिजे. शिपाई आपली रायफल उघडून हेडस्पेस मोजत नाही. आर्मोररने मारलेल्या ठशावर विश्वास ठेवून तो गाल दस्त्यास टेकवितो व डोळा बोल्टमागे नेतो. आर्मोररच्या कामाचे मोजमाप शेवटी त्या विश्वासानेच करावे लागते.